हेली विकनहायझर: मुलांच्यात खेळली म्हणून मोठी झाली का?

चिनूकवारा

नमस्कार मंडळी. इथे क्रिकेट सोडून दुसऱ्या खेळावर फारसं कोणी बोलत नाही माहितीये, तरी विचारतेच.

आम्ही कॅनडात कॅलगरीला असतो. लेक १२ वर्षांची, मुलांच्या टीममध्ये आईस हॉकी खेळते, फॉरवर्ड. कागदोपत्री टीम मिक्स आहे, प्रत्यक्षात मुली दोनच, एक ही आणि दुसरी गोलकीपर. पुढच्या सीझनला यू-१५, म्हणजे १५ वर्षांखालचा गट, आणि तिथे वरच्या गटांत बॉडी चेकिंग सुरू होतं, म्हणजे पक ज्याच्याकडे आहे त्याला अंगाने धडक मारून बाजूच्या बोर्डावर दाबायचं, आणि हे नियमात बसतं. मुलींच्या हॉकीत इथे ते चालत नाही. कोच म्हणतो आता मुलींच्या क्लबात घाला. नवरा म्हणतो घाला. लेक म्हणते हेली विकनहायझर नाही गेली, मग मी का जाऊ.

ज्यांना हे नाव नवीन असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. १९७८ चा जन्म, सस्काचेवान प्रांतातलं शॉनव्हन नावाचं छोटंसं गाव, वडिलांनी घरामागे पाणी सोडून बर्फाची रिंक केलेली. लहानपणी मुलांच्यातच खेळली, केस हेल्मेटात कोंबून, कारण मुलगी आहे हे कळलं की पोरांपेक्षा त्यांचे आईबापच जास्त बोलायचे. १९९१ च्या कॅनडा विंटर गेम्सला अल्बर्टा प्रांताकडून १७ वर्षांखालच्या मुलींच्यात खेळली तेव्हा वय १२, आणि फायनलचा निर्णायक गोल हिचा. १५ व्या वर्षी देशाच्या टीममध्ये आली ती २०१७ ला ३८ व्या वर्षी थांबली. २७६ मॅच, १६८ गोल, २११ असिस्ट (म्हणजे दुसऱ्याच्या गोलसाठी दिलेले पास). ऑलिंपिकची चार सुवर्णपदकं (२००२, २००६, २०१०, २०१४) आणि १९९८ नागानोचं रौप्य. आणि या सगळ्यात २००३ ला फिनलंडमध्ये जाऊन पुरुषांच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळली, तिथे गोल मारला, असा गोल मारणारी पहिली बाई.

तर प्रश्न असा की ही मुलांच्यात खेळली म्हणून एवढी मोठी झाली, की मुळातच एवढी भारी होती म्हणून तिथे टिकली? आणि पुरुषांच्यात जाऊन तिला खेळ म्हणून नक्की काय मिळालं? मला लेकीला उत्तर द्यायचंय आणि "मी सांगते म्हणून" हे उत्तर आता चालत नाही.

वैदर्भी_बाणा

अंगाने धडक मारून बाजूला दाबणे नियमात बसते? आमच्याकडे सकाळी नऊच्या सिटी बसमध्ये हे बिना हेल्मेटचं चालते ताई.

मिसळ_कटवाली

हॉकी वाचून आत आले, बर्फ बघून थांबले. पक म्हणजे ती काळी रबरी चकती ना? पॉपकॉर्न घेऊन बसतेय, चालू द्या.

ऑफसाईड

मी जरा उलटं बोलतो, राग नसावा. "पुरुषांच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळली" हे ऐकायला फार मोठं वाटतं. क्लब कुठला, तर किर्कोनुम्मीचा सलामत. लीग कुठली, तर सुओमी-सारिया, म्हणजे फिनलंडमधली तिसरी पातळी. २३ मॅचमध्ये २ गोल आणि १० असिस्ट. पुढच्या सीझनला टीम वर चढली, दुसऱ्या पातळीच्या मेस्तिसमध्ये, तिथे १० मॅच खेळून बाई परत. बायकांच्यात खोऱ्याने गोल मारणारी तिसऱ्या पातळीवर २ गोल मारते याचा अर्थ काय तो आपापला काढा. मला तरी यात अर्धा भाग खेळ आणि अर्धा भाग पेपरात फोटो असं दिसतं.

गोलपोस्ट

ऑफसाईड, आकडे बरोबर आहेत, अर्थ चुकीचा लावताय. तिथे ती सेंटर खेळायची आणि तिचं काम होतं पक मिळवून दुसऱ्याला देणं. शरीराने दीडपट असलेल्या डिफेन्समनसमोर दर वेळी स्वतः गोलकडे घुसायला गेली असती तर दोन मॅचमध्ये स्ट्रेचरवर गेली असती. १० असिस्ट म्हणजे तिने १० वेळा बरोबर माणूस शोधून दिला. आणि ती काही नाजूकसाजूक बाई नव्हे, ५ फूट १० इंच, ७७ किलोच्या आसपास.

दुसरं म्हणजे फिनलंड ही काही तिची पहिली पसंती नव्हती. आधी इटलीत जायचं ठरत होतं, तिथल्या फेडरेशनने बायकांना पुरुषांच्या लीगमध्ये खेळता येणार नाही असा निर्णय दिला. त्याच्याही आधी १९९८ आणि १९९९ ला एनएचएल या पुरुषांच्या सगळ्यात मोठ्या लीगमधल्या फिलाडेल्फिया फ्लायर्सच्या बॉबी क्लार्कने तिला नवोदितांच्या कॅम्पला बोलावलं होतं. फोटोच हवे असते तर ते तिथेच भरपूर मिळाले होते, जानेवारीत हेलसिंकीजवळच्या गावात जाऊन राहायची गरज नव्हती.

जाता जाता, तिचा लांबचा भाऊ डग विकनहायझर १९८० च्या एनएचएल ड्राफ्टमध्ये (क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) पहिल्या नंबरला निवडला गेला होता, मॉन्ट्रियलकडून. डेनिस सावार्ड हा तिथला लोकल हिरो सोडून याला घेतला म्हणून मॉन्ट्रियलवाले अजून कुरकुरतात.

सुमतीआजी

मी मिसिसागाला लेकाकडे असते, नातवंडांमुळे हा खेळ कळायला लागला. पण सॉल्ट लेकची २००२ ची फायनल मी टीव्हीवर बघितलेली, तेव्हा नुकतीच इकडे आले होते आणि ऑफसाईड म्हणजे काय हेही माहीत नव्हतं (इथले मेंबर नव्हे, खेळातला).

ऑलिंपिकच्या आधी कॅनडाच्या मुली अमेरिकेकडून ओळीने आठ मॅच हरल्या होत्या. फायनलला रेफरी अमेरिकन. कॅनडाला ओळीने आठ पेनल्ट्या दिल्या हो! दर थोड्या वेळाने आपली एक मुलगी शिक्षा म्हणून बर्फाबाहेर त्या पेटीत जाऊन बसलेली, तेवढा वेळ टीम एकीने कमी. आमचे हे उठून टीव्हीशी भांडायला लागले, इंग्रजीत सुरू केलं आणि मराठीवर आले. एक-एक बरोबरी असताना दुसऱ्या भागात हेलीने गोल मारला, मग तो भाग संपायला एक सेकंद उरला असताना जेना हेफर्डने तिसरा. शेवटी ३-२ जिंकल्या. हेलीलाच सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला.

आणि मग ती ते झेंड्याचं बोलली. अमेरिकेच्या पोरींनी त्यांच्या ड्रेसिंग रूममध्ये आपला झेंडा जमिनीवर टाकलाय असं ऐकलं, आता त्यावर आमच्या सह्या हव्यात का विचारा, अशा अर्थाचं. अमेरिकेच्या मुलींनी साफ नाकारलं आणि ती गोष्ट खोटीच निघाली. पण तोवर साऱ्या देशाने ऐकलेली.

मिसळ_कटवाली

म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप यायच्या आधीपासूनच फॉरवर्ड लोक फॉरवर्ड करायचे तर. (सॉरी, राहवलं नाही.)

वैदर्भी_बाणा

कटवाली, हा जोक पेनल्टी बॉक्समध्ये पाठवा, दोन मिनिटं.

टर्फ_टॉस

मी पुण्यात मातीवरची आणि नंतर टर्फवरची हॉकी खेळलेय, कॉलेज आणि विद्यापीठ पातळीपर्यंत. चिनूकवारा, तुमचा प्रश्न मला फार ओळखीचा आहे कारण आमच्या मैदानावर मुलींची टीम पुरेशी भरायचीच नाही, मग मी दोनेक वर्षं मुलांच्यात सराव केला. फायदा झाला, खोटं कशाला बोलू. बॉल वेगाने यायचा, विचार करायला वेळ मिळायचा नाही, त्यामुळे पहिला स्पर्श सुधारला. विद्यापीठाच्या मुलींच्यात गेले तेव्हा सगळं जरा हळू चाललंय असं वाटायचं.

पण दुसरी बाजू कोणी सांगत नाही ती सांगते. मुलांच्यात मला बॉलच कमी मिळायचा. मी राईट इनला, म्हणजे पुढच्या फळीत, मोकळी उभी असले तरी पास तिसऱ्याला जायचा. सरांनी मग मला हळूहळू मागे बॅकला टाकलं, म्हणाले तू डोक्याने खेळतेस म्हणून. खरं कारण सगळ्यांना माहीत होतं. मुलींच्या टीममध्ये परत आले तेव्हा डी मध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, बॉल मिळाल्यावर काय करायचं हा सरावच उरला नव्हता, मारायच्या वेळी पास देत होते आणि कोच ओरडत होते. फॉरवर्डला गोल मारायची सवय लागते आणि ती सुटतेही.

म्हणून गोलपोस्ट म्हणतात तो मुद्दा मी वेगळ्या बाजूने बघते. हेली पुरुषांच्यात गेली आणि पास देणारी झाली. तिला ते परवडलं कारण ती २४ वर्षांची होती, तिच्याकडे ऑलिंपिकचं सोनं होतं, गोल मारायची सवय हाडात गेलेली होती. १२-१३ वर्षांच्या मुलीला ते परवडेल का?

चिनूकवारा

टर्फ_टॉस, हे वाचून गप्पच झाले मी. या सीझनला लेक तिसऱ्या लाईनवर आहे (पाळीपाळीने उतरणाऱ्या फॉरवर्डच्या तिकड्या, पहिली सगळ्यात भारी), पॉवर प्लेला, म्हणजे समोरच्यांचा एक जण पेनल्टीने बाहेर असताना, तिला उतरवतच नाहीत. दोन वर्षांपूर्वी याच मुलांच्यात सगळ्यात जास्त गोल तिचे होते. मी समजत होते की मुलं आता उंच व्हायला लागली म्हणून असेल. पण अजून तरी उंचीने ती त्यांच्यातल्या निम्म्यांपेक्षा मोठीच आहे!

ड्रेसिंग रूमचंही आहे. आता नियम कडक झालेत, मिक्स टीम एकत्र बसायची तर सगळ्यांनी आतून टीशर्ट आणि शॉर्ट घालूनच यायचं, ते चांगलंच आहे. पण आमच्या एका रिंकवर मुलींना बदलायला रेफरीची खोली देतात, खोली कसली, झांबोनीच्या (बर्फ गुळगुळीत करायच्या गाडीच्या) गॅरेजला लागून एक फळकुटाचा आडोसा, तिथे जुने कोन, फुटलेली गोलची जाळी, आणि बसायला एक बाकडं ज्यावर एकाच वेळी दोन बॅगा मावत नाहीत. कोच मॅचच्या आधी जे बोलतो ते मुलांच्या खोलीत बोलतो. या दोघी धावत येतात तेव्हा अर्धं बोलून झालेलं असतं. मी तक्रार केली तर "पुढच्या वेळी बघू" एवढंच.

ऑफसाईड

टर्फ_टॉस, हा प्रतिसाद आवडला, मुद्द्याला धरून आहे.

आता माझा दुसरा आक्षेप. बायकांच्या आईस हॉकीत देश दोनच. १९९८ पासूनच्या जवळपास सगळ्या ऑलिंपिक फायनल कॅनडा-अमेरिका. बाकीच्यांना यांनी धुतलं, २००६ ट्यूरिनला इटलीला १६-०, रशियाला १२-०, २०१० व्हँकुव्हरला स्लोव्हाकियाला १८-०. ऑलिंपिकमधले तिचे ५१ पॉइंट्स (गोल अधिक असिस्ट) आहेत २६ मॅचमध्ये, त्यातले किती अशा मॅचमधले ते तपासा. २०१० ला ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष जॅक रोग यांनीच बजावलं होतं की सुधारणा झाली नाही तर हे असं चालू ठेवता येणार नाही.

स्टॉकहोमवरून

२००६ विसरलात ऑफसाईड. ट्यूरिनला सेमीफायनलमध्ये स्वीडनने अमेरिकेला शूटआऊटमध्ये हरवलं. मारिया रूथने मॅचमध्ये दोन गोल मारले आणि शूटआऊटचाही निर्णायक तिचाच, आणि गोलमध्ये किम मार्टिन नावाची पोरगी भिंत होऊन उभी. माझ्या ऑफिसातली माणसं अजून त्या मॅचबद्दल बोलतात. फायनलला कॅनडाने ४-१ हरवलं ते सोडा. हेली तिथेही सर्वोत्तम खेळाडू.

आणि ती २००८-०९ ला इकडेही खेळायला आली होती, एस्किलस्तुना लिंडेन, पुरुषांची टीम, परत तिसरीच पातळी. म्हणजे फिनलंडचा प्रयोग एकदा करून सोडून दिला असं नाही, तिशीत आल्यावर परत केला. पुढच्या वर्षी व्हँकुव्हर ऑलिंपिक होतं, तिला वेगवान हॉकी हवी होती आणि बायकांच्यात रोज ती मिळत नव्हती. माझं मत विचाराल तर तिच्या पुरुषांच्यात जाण्यामागे दुसरं काही शोधायचं कारण नाही. चांगला सराव जिथे मिळेल तिथे ती गेली.

गोलपोस्ट

+१. आणि ऑफसाईड, दुबळ्या टीमविरुद्धचे पॉइंट्स सगळे काढून टाका, मग सोची २०१४ घ्या. फायनलला अमेरिका २-० पुढे, साडेतीन मिनिटं उरलेली. ब्रिएन जेनरने एक मारला. कॅनडाने गोली बाहेर काढून तिच्या जागी एक जास्तीची फॉरवर्ड उतरवली, अमेरिकेने रिकाम्या गोलकडे लांबून पक सोडला तो घसरत घसरत जाऊन खांबाला आपटला. खांबाला! ५५ सेकंद उरलेले असताना मारी-फिलिप पूलांने बरोबरी केली. ओव्हरटाईममध्ये हेली एकटीच पक घेऊन सुटली, मागून हिलरी नाईट, दोघी पडल्या, नाईटला पेनल्टी. त्या पॉवर प्लेवर पूलांचा गोल, ३-२.

गोलांच्या यादीत तिथे हेलीचं नाव नाही. वय ३५, कॅप्टनही ती नव्हती त्या वेळी, कॅरोलिन वेलेट होती. उद्घाटनाला झेंडा मात्र हिने धरलेला. आणि नंतर कळलं की पायाचं हाड मोडलेलं असताना खेळत होती. तो एकटीने सुटण्याचा क्षण नसता तर पॉवर प्ले नाही, आणि पॉवर प्ले नाही तर पुढचं सगळंच अधांतरी.

मिसळ_कटवाली

खांबाला लागला हे वाचून इथे माझ्या हातातला चमचा थांबला, निकाल माहीत असून!

पूलां म्हणजे तीच का जिचा बिअरचा फोटो गाजला होता?

गोलपोस्ट

तीच. २०१० व्हँकुव्हर, फायनल २-०, दोन्ही गोल पूलांचे, वय १८. प्रेक्षक गेल्यावर या सगळ्या बर्फावर परत आल्या आणि शॅम्पेन, बिअर, सिगार असा कार्यक्रम झाला. ब्रिटिश कोलंबियात दारूचं वय १९, त्यामुळे पूलांच्या हातातली बिअर ही राष्ट्रीय समस्या झाली. हॉकी कॅनडाने माफी मागितली. कॅप्टन हेलीच होती आणि पुरुषांनी हे केलं असतं तर कोणी बोललं नसतं अशी तिची भूमिका होती, जी मला पटते.

वैदर्भी_बाणा

सुवर्णपदक मिळाल्यावर बिअर प्यायली तर माफी. आमच्या गल्लीच्या टीमने उपांत्यपूर्व फेरीत हरल्यावर जे केलं त्याची माफी अजून कोणी मागितली नाही.

डॉ_कडुनिंब

उशिरा येतोय. खेळातलं फार कळत नाही पण दोन गोष्टी माझ्या प्रांतातल्या.

एक, ही बाई रिटायर झाल्यावर २०१७ लाच कॅलगरीच्या मेडिकल कॉलेजात गेली आणि २०२१ ला डॉक्टर झाली. वयाच्या चाळिशीत ॲनाटॉमीची घोकंपट्टी! तेवढ्यात २०१८ पासून टोरोंटो मेपल लीफ्स या एनएचएल क्लबमध्ये खेळाडू घडवण्याच्या विभागात नोकरी, २०२२ ला तिथे असिस्टंट जनरल मॅनेजर. मार्च २०२० ला टोकियो ऑलिंपिक होणारच म्हणून समिती अडून बसली होती तेव्हा खेळाडूंच्या आयोगाची सदस्य असूनही तिने जाहीरपणे हा असंवेदनशील आणि बेजबाबदार हट्ट आहे असं लिहिलं. ती तेव्हा इमर्जन्सी विभागात शिकत होती, समोर काय येतंय ते दिसत होतं. आठवडाभरात ऑलिंपिक पुढे ढकललं. माझ्या लेखी तिचा हा गोल बाकी सगळ्यांच्या वरचा.

दोन, चिनूकवारा, बॉडी चेकिंग. तुमच्याच शहरातल्या विद्यापीठाचा २०१० चा अभ्यास आहे, ११-१२ वर्षांच्या मुलांचा. अल्बर्टात तेव्हा त्या वयाला चेकिंग चालायचं, क्यूबेकमध्ये नाही. अल्बर्टात मॅचमधल्या दुखापतींचा धोका तिपटीहून जास्त निघाला, डोक्याच्या दुखापतींचाही तसाच. त्यानंतर २०१३ ला कॅनडाभर त्या वयोगटाचं चेकिंग बंद केलं. म्हणून तुमच्या लेकीला अजून ते लागलेलं नाही. आज ती उंच आहे म्हणालात, पण मुलींची वाढ आधी होते, मुलगे १३-१४ ला एकदम वाढतात, तेही वजनाने. पुढच्या दोन वर्षांत हे चित्र उलटणार. मेंदूला बसलेला मार एक्स-रेत दिसत नाही आणि "बरं वाटतंय" म्हणून पोरं लगेच परत उतरतात. हेलीचा काळ वेगळा होता, तिला पर्याय नव्हता. तुमच्या लेकीला आहे.

टर्फ_टॉस

शेवटची दोन वाक्यं लाखाची, डॉक्टर. हेली लहान असताना तिच्या गावात मुलींची टीमच नव्हती, ती मुलांच्यात "गेली" कुठे, तिथे होतीच ती.

लेहलडाख_वारी

धाग्यात अजून भारत आला नाही म्हणून मी आणतो. जानेवारी २०१८ ला हेली लेहला आली होती, अँड्रू फेरेन्स या माजी एनएचएल खेळाडूबरोबर. सामान घेऊन आले, तिथल्या मुलींना शिकवलं, त्यांच्याबरोबर खेळले. साडेअकरा हजार फुटांवर स्केटिंग करताना ऑलिंपिकवाल्यांना धाप लागते आणि लडाखी पोरी पुढे निघून जातात! त्याच वर्षी नोव्हेंबरला भारताच्या मुलींची टीम कॅलगरीला गेली, हेलीचं मुलींसाठीचं विकफेस्ट, म्हणजे हॉकी स्पर्धा, असतं तिथे. चिनूकवारा, तुमच्याच गावात.

भारताची महिला टीम २०१६ ला पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरली, २०१७ ला बँकॉकला पहिला विजय (फिलिपिन्स, ४-३), आणि २०२५ ला अल ऐनच्या आशिया कपमध्ये कांस्य. बहुतेक सगळ्या लडाखच्या. मी हिवाळ्यात लेहला गेलो तेव्हा कर्झू तळ्यावर सकाळी बघत बसायचो. बर्फ नैसर्गिक, दोन महिन्यांचा खेळ. रात्री माणसं बादल्यांनी पाणी ओतून पृष्ठभाग सपाट करतात. पोरी काठावर गोणपाटावर बसून स्केट बांधत होत्या, बोटं बधिर झाली की नाडी दातात धरून ओढायची. एकीच्या स्केटची जीभ फाटलेली, तिथे जाड मोजा दुमडून घातलेला. आणि बर्फावर उतरली की तिला कोणी पकडू शकत नव्हतं.

आपली महाराष्ट्राची पोरंही लेहला खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धेत स्केटिंगची पदकं घेतात बरं का, डांबरावर आणि मॉलमध्ये शिकून.

वैदर्भी_बाणा

नागपुरात मे महिन्यात बादलीने पाणी ओतलं तर खाली पडायच्या आत वाफ होते. आमचं ऑलिंपिक कठीण आहे.

सुमतीआजी

वारी, फार छान लिहिलंत हो. दातात नाडी!

आणि एक राहिलंच. ही बाई २००० ला सिडनीच्या उन्हाळी ऑलिंपिकलाही गेली होती, सॉफ्टबॉल खेळायला. माझी भाची जळगावला शाळेत सॉफ्टबॉल खेळायची म्हणून लक्षात राहिलं. कॅनडा आठवी आली.

ऑफसाईड

सॉफ्टबॉलचं खरंच माहीत नव्हतं. असो, विरोधी पक्षाचं काम कोणीतरी केलं पाहिजे म्हणून शेवटचा मुद्दा: पैसा. २०१७ पर्यंत कॅनडाच्या महिला लीगमध्ये पगारच नव्हता. २०१९ ला ती लीग बंदच पडली. पुरुषांच्या लीगमध्ये जाण्यामागे हेही असणार, निदान कोणी तुम्हाला नोकरीवरचा खेळाडू मानतं. उद्या चिनूकवारांच्या लेकीने यात करिअर केलं तर खाणार काय?

गोलपोस्ट

आता पीडब्ल्यूएचएल ही बायकांची व्यावसायिक लीग आहे ना, १ जानेवारी २०२४ पासून. पहिल्या सीझनला किमान पगार ३५,००० डॉलर, सरासरी ५५,००० ठरली होती. श्रीमंती नाही पण दिवसा बँकेत आणि रात्री रिंकवर असं करावं लागत नाही. त्याच वर्षी २० एप्रिलला मॉन्ट्रियलच्या बेल सेंटरमध्ये मॉन्ट्रियल-टोरोंटो मॅचला २१,१०५ लोक होते. मी टीव्हीवर बघितली, वरच्या रांगांपर्यंत बापलेकी बसलेल्या. आणि त्या लीगमध्ये मुलींच्या इतर हॉकीपेक्षा धडकाधडकी जास्त चालते, त्यामुळे चेकिंगशी कधीच संबंध येणार नाही असं समजू नका.

हेलीला ही लीग मिळाली नाही. ती असती तर ती किर्कोनुम्मीला गेली असती का? मला नाही वाटत.

ऑफसाईड

मला वाटतं गेली असती. पण तुम्ही फायनल स्कोअर २-१ लावून घ्या, मी निघालो जेवायला.

सुमतीआजी

अगं चिनूकवारा, सगळे हेलीबद्दल बोलतायत, तुझी लेक काय म्हणतेय ते सांग ना. तिला मुलांच्यात का राहायचंय? हेली नाही गेली हे काही कारण नव्हे.

चिनूकवारा

आजी, तेच विचारलं काल रिंकवरून येताना. आधी बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसली. मग म्हणाली मुलींच्यात गेले की सगळ्यांना वाटेल की मला जमलं नाही म्हणून गेले. हे कोण म्हणतं विचारलं तर टीममधल्या एकाचं नाव घेतलं, ज्याला ती दर प्रॅक्टिसला मागे टाकते.

मग मी टर्फ_टॉस यांचा बॅकला टाकल्याचा किस्सा सांगितला. त्यावर एकदम तावातावाने म्हणाली की मला पण पास देत नाहीत, मी ओरडते तरी देत नाहीत. हे तिने घरी कधी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांचं चेकिंगचं सांगितलं त्याला मात्र "आई प्लीज" एवढंच उत्तर.

सध्याचं असं ठरतंय की सप्टेंबरला मुलींच्या क्लबाच्या वरच्या टीमची ट्रायआउट द्यायची, तिथे पहिल्या दोन लाईनींत घेतलं तर तिथे, नाहीतर मुलांच्यात पण बिनचेकिंगच्या गटात. नवऱ्याला दुसरा भाग मंजूर नाही, त्यावर चर्चा चालू आहे, म्हणजे तो गप्प आहे. लेकीने स्वतःची एक अट घातलीये, उन्हाळ्यात मुलांबरोबरचं थ्री-ऑन-थ्री बंद करायचं नाही.

टर्फ_टॉस

अट मान्य करा. आणि मुलींच्या ट्रायआउटला तिला एवढंच सांगा की पहिल्या शिफ्टला (बर्फावर उतरायच्या पहिल्या पाळीला) पक मिळाला की मारायचा. पास नंतर.

गोलपोस्ट

आणि कुठेही खेळली तरी धडक घ्यायला आधी शिकवा, मुलींच्यात चेकिंग नसलं तरी बोर्डावर आपटतातच. बोर्डाला एकदम चिकटून असावं नाहीतर चांगलं लांब. मधल्या तीन-चार फुटांत पाठ करून उभं राहणं सगळ्यात वाईट, तिथे मागून ढकललं की डोकं सरळ बोर्डावर जातं. उन्हाळ्यात यासाठी वेगळी क्लिनिकं असतात, दोन दिवसांची वगैरे. माझा मुलगा गेला होता, मुलीही होत्या.

चिनूकवारा

कुठलं क्लिनिक ते व्यनि कराल का? इथे नाव नको, नाहीतर जाहिरात म्हणून धागा उडवतील.

गोलपोस्ट

केलाय. लवकर नाव द्या, मे मध्येच भरतं.

वैदर्भी_बाणा

मे मध्ये बर्फावर क्लिनिक. मी पण येतो ताई, खेळायला नाही, नुसता बसायला.